शमुवेलकाकांची प्रार्थना

चर्चमधल्या एकीबद्दल मला काही विचारू नका राव, डोकं उठतं. पाळकसाहेबांनी उपदेश केला, की रीत वेगळी असली तरी विश्वासणाऱ्याला जवळ करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच रविवारी जेऊर गावच्या चर्चची मंडळी आमच्याकडं सोलापूरला उपासनेला आली. ते लोक टाळ्या वाजवून, मोठमोठ्यानं प्रार्थना करतात. आम्ही डोळे मिटून, मनातल्या मनात.

पाहुणे बाकांवर बसले, तोच आमच्या चर्चचे थोरले पंच शमुवेलकाकांनी आम्हा बाकीच्या पंचांना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

"देवाच्या घरात आरडाओरडा चालणार नाही!" काका ओरडले.

"अहो काका, पाहुणे आहेत ते," मी म्हणालो.

"असू देत की! आपली काही शिस्त आहे का नाही?" काकांनी टेबलावर थाडथाड हात आपटले.

मग माझाही आवाज चढला, बाकीच्यांचाही. घसे बसले तेव्हा कुठं दार उघडलं. समोर जेऊरच्या सारामावशी डोळे पुसत उभ्या. काकांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आमाला वाटायचं, शहरातली मानसं गपगार प्रार्थना करत्यात. दाराआडनं शब्द न्हाय कळले, पर आमच्यासाठी किती कळवळून केलीत, भाऊ! टाळ्या बी वाजवल्या की! तुमी बी आमच्यावानीच हायसा."

आम्ही सगळे काकांकडं बघायला लागलो.

काका अगदी हळू म्हणाले, "आमेन."