नव्या फोनचं ॲप

अगं, आमच्या पल्लवीची गंमत सांगते. लेक माझी अंधेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. आम्ही नाहूरच्या बायका गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेतो ना, त्यासाठी तिनं ॲप बनवलं. दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी सुरू होणार, आणि ते आमच्या एकीच्याही फोनवर चढेना!

"आई, माझ्या फोनवर तर झकास चालतंय," म्हणाली. मग लॅपटॉपवर बघून म्हणते, "अगं, बनवताना मी फक्त नव्या फोनमधले प्रोसेसर निवडले. तुमचे फोन जुने आहेत."

"जुने असणारच! तुम्ही पोरं नवा घेता नि वापरलेला आईला देता. हा माझा कुणाचा होता गं?"

"माझाच. बरं, तुला नवा घेऊन देते."

"मला एकटीला? आणि माझ्याबरोबर मोदक करणाऱ्या सुमन, शालन ऑर्डरी काय स्वप्नात बघणार?"

"नव्या-जुन्या दोन्ही फोनसाठी बनवलं तर ॲप जड होईल, फोनवर उतरायला वेळ लागेल."

"लागू दे! उकड काढायलाही वेळ लागतो, म्हणून आम्ही कच्चे मोदक देतो का?"

लॅपटॉप पुढे ओढून कामाला लागली. संध्याकाळी ॲप सगळ्यांच्या फोनवर चालू. दुसऱ्या दिवशी पहिली ऑर्डर आली ती पल्लवीचीच.

म्हटलं, "लेक म्हणून नाही हं, रांगेत पहिली आहेस म्हणून आधी मिळतील."