मशीन आधी बंद पडलं की आम्ही आधी भांडलो

...आणि दोष कुणाला? मला. तुम्हाला सांगते, आमच्या लाँड्रीत मशीन बंद पडलं की दोष मला, ही जणू सरकारी पद्धतच पडून गेली होती. देणार कोण? आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. एकाच मशीनवर आम्ही दोघी... मी कपडे भरायचे नि प्रोग्राम लावायचा, वन्संनी साबणाचा खण भरायचा नि पाण्यावर डोळा ठेवायचा, आणि हे शेजारच्या खोलीत इस्त्रीला. झाली आमची लाँड्री. गिऱ्हाईक म्हणाल तर मोठं एकच, हॉस्पिटल. त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनवाल्यांचे हिरवे डगले, सकाळी गाठोडी यायची, संध्याकाळी घड्या जायच्या. आणि मधे हे एक मशीन, कपाटाएवढं, पुढे गोल काचेचं दार, दाराच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर बटणं... आणि ते चालता चालता मरायचं.

मरायचं म्हणजे कसं, छान फिरतंय, आत चादरी धपाधप आपटतायत, आणि एकदम गप्प. वर एक आकडा लुकलुकतोय. त्या आकड्याचा अर्थ काय? अर्थ ज्या पुस्तकात होता ते पुस्तक मी रद्दीत घातलं असं वन्संचं म्हणणं, आणि वन्संनी ते खिडकीच्या फटीत कोंबलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग काय, मेन स्विच बंद करा, चालू करा, पुन्हा पहिल्यापासून पाणी, पुन्हा साबण, आणि तिकडे हॉस्पिटलातून मेट्रनबाईंचा फोन, "अहो, चादरी पाठवताय ना? की पेशंटांना उभं ठेवू?"

मशीन मेलं की वन्सं सुरू. "तू कोंबतेस. मशीन आहे ते, गाठोडं नव्हे." मी म्हणायची, "मी बरोबरच भरते, तुम्ही साबण ओतता तो आंघोळ घातल्यासारखा. फेसानं गुदमरतं ते." मग त्या साबणाचा खण असा धाडकन लावायच्या की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आणि मग आमचे हे यायचे. देह तुम्ही पाहिलेला नाही म्हणून सांगते, दारातून येताना दार दिसत नाही. स्वभाव मात्र लोण्याचा. यायचे, निवांत टेकायचे, पोटावर हाताची घडी, आणि म्हणायचे, "हे बघा, दोघीही बरोबर आहात."

आता मला सांगा, भांडणात दोघीही बरोबर असतात का कधी? मग भांडायचं कशाला?

असं करता करता एक दिवस मेट्रनबाई स्वतः आल्या. घड्या उलगडून पाहिल्या, नावं ठेवायला जागा नव्हती, पण म्हणाल्या, "काम चोख आहे, वेळेवर नाही. या महिन्यात सुधारलं नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल." शांतपणे म्हणाल्या हो, तेच जास्त लागलं. त्या गेल्या आणि वन्संनी अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला. "मी लेकाकडे जाते राहायला. माझ्यामुळे बंद पडत असेल तर मी गेल्यावर चालेल नीट." ह्यांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली, एक अभ्रा करपला. आणि माझं काय झालं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण दुपारचा डबा उघडवेना. इतक्या वर्षांत वन्सं समोर नसताना मी डबा उघडलेलाच नाही. त्या माझ्या भाजीला नावं ठेवणार, मी त्यांच्या, त्याशिवाय घास उतरतो का कुणाचा?

मीच मग मशीनवाल्यांना फोन केला आणि वन्संना म्हटलं, "निदान तो माणूस येऊन जाईपर्यंत थांबा. दोष कुणाचा ते ठरू दे, मग जा खुशाल." त्या म्हणाल्या, "थांबते. तुझा ठरलेला बघूनच जाते."

माणूस यायचा होता, आली एक मुलगी. इंजिनीअर. मानेवर पेन्सिलीनं खोचलेले केस, खांद्याला लॅपटॉप. मशीनच्या पोटात एक वायर खुपसली आणि पडद्यावर उमटली एक आडवी लांबच लांब रेघ. "काकू, ही टाइमलाइन. मशीननं जे जे केलं, ते सगळं ओळीनं इथे आहे. दार उघडलं, हिरवा झेंडा. साबणाचा खण लावला, करडा झेंडा. मशीन थांबलं, लाल." दोन बोटांनी ताणली की रेघ मोठी होते, एकेक मिनिट दिसतं. चिमटीत धरून आवळली की अख्खा महिना एका नजरेत. आणि त्या महिन्यावर लाल झेंडे असे, की गोवर आल्यासारखी रेघ.

वन्संनी लगेच बोट लावलं. "हा बघ, इथे कोंबलंस तू."

मुलगी म्हणाली, "मावशी, असं नाही. घाई करायची नाही. आधी काय, नंतर काय, एवढंच बघायचं." आणि तिनं एका लाल झेंड्यावर टिचकी मारली. चौकट उघडली, त्यात लिहिलेलं : थांबवा बटण दाबलं.

मुलगी पुढे टिचक्या मारत गेली. दुसरा झेंडा, तेच. तिसरा, तेच. बिघाड नाही, फेस नाही, कोंबाकोंबी नाही. कुणीतरी बटण दाबत होतं. मी वन्संकडे पाहिलं, वन्संनी माझ्याकडे. "मला घालवायला एवढं केलंस?" "मी? बदनाम तर मी होत होते." ती मुलगी बिचारी मधे. "काकू, मावशी... आधी काय, नंतर काय..."

वन्सं म्हणाल्या, "मागे ही माहेरी गेली होती ना, ते दिवस काढ." मुलीनं रेघ सरकवली. आणि काय सांगू, स्वच्छ. एक लाल झेंडा नाही. वन्संची मान ताठ झाली. ठरलाच की माझा दोष. पण मीही काही कच्ची नाही. म्हटलं, "आता वन्संना ताप होता ते दिवस काढ." काढले. तेही स्वच्छ. लाल टिपूस नाही.

मग वन्सं खुर्चीवर बसल्या. मी गाठोड्यावर बसले. मुलगी रेघेकडे बघत म्हणाली, "म्हणजे एकेकट्या असलात की चालतं. दोघी असलात की बंद पडतं." इतका अपमान माझा माझ्या लग्नात झाला नव्हता.

तिनं मग एक लाल झेंडा धरून रेघ ताणली. "हे बघा. प्रत्येक लाल झेंड्याच्या जरासा आधी करडा झेंडा आहे. साबणाचा खण लावलाय. पण चालू मशीनला साबणाचा खण कशाला लावता?"

आता खाली बघण्याची पाळी वन्संची. त्या पुटपुटल्या, "रागात... आपटते मी तो."

"म्हणजे भांडण आधी?" मुलगी म्हणाली. "मशीन नंतर?"

अहो, आम्ही इतके दिवस काय समजत होतो? की मशीन बंद पडतं म्हणून आम्ही भांडतो. आणि ती रेघ म्हणत होती, उलट आहे बायांनो. कुरबूर आधीच सुरू असते, मशीन मागून मरतं, आणि मग त्याच्या नावानं तुम्ही पुन्हा नव्यानं सुरू करता. आधी काय, नंतर काय... आमचं आयुष्यच उलटं शिवलेलं निघालं की हो.

"पण बटण कोण दाबतं?" मी म्हटलं. "मी तर वन्संकडे बघत असते."

"आणि मी हिच्याकडे," वन्सं म्हणाल्या.

मुलीनं मशीन चालू केलं आणि म्हणाली, "भांडा."

आता सांगून भांडायला आम्ही काय नाटकात आहोत? मग वन्सं माझ्या पायाखालच्या गाठोड्याकडे बघून म्हणाल्या, "हिरव्या डगल्यांवर बसलीयेस. बसायला काही मिळालं नाही का दुसरं?" म्हटलं, "खुर्ची तुम्ही घेतलीत." "वयाचा काही मान?" "मानच ठेवलाय, म्हणून तर गाठोड्यावर बसलेय." झालं, लागली की हो गाडी रुळाला. खण धाडकन. पडद्यावर टप्पकन करडा झेंडा. आणि इस्त्रीच्या खोलीतून पावलं वाजली. हे आले. आम्हा दोघींकडे बघून, मागे सरकून, मशीनला पाठ लावून निवांत टेकले. पोटावर हाताची घडी.

"हे बघा, दोघीही बरोबर आहात."

मशीन गप्प. पडद्यावर लाल झेंडा.

आम्ही तिघी झेंड्याकडे पाहतोय, मग ह्यांच्याकडे, मग ह्यांच्या मागे. आणि हे काय म्हणाले माहितीये? मान हलवून, अगदी दुःखानं, "बघा. पुन्हा पडलं. म्हणून म्हणतो भांडू नका."

वन्संनी हाताला धरून त्यांना बाजूला केलं. थांबवायच्या बटणावर ह्यांच्या एप्रनच्या पाठीमागच्या गाठीचा, घामाचा ओला वळ. "बाळ," त्या म्हणाल्या, साठीच्या माणसाला, "तू टेकू नकोस रे कुठे." आणि हसायला लागल्या. मला वाटलं ठसका लागला, पाणी द्यायला गेले, तर मलाही तेच झालं. ती मुलगी पडद्यावर डोकं टेकून हसतेय. हे मधे उभे, "अहो, पण मी तर समेट करायला येतो..." ते खरंही होतं. आम्हाला वाटायचं, मशीन मेलं म्हणून हे धावत आले. तेही आधी-नंतर उलटंच.

मुलीनं बटणाला एक झाकण बसवलं आणि ह्यांना त्या खोलीत टेकायची बंदी करून गेली. वन्संनी लेकाला कळवलं, एवढ्यात जमणार नाही, इथे माझ्यावाचून अडतं. चादरी वेळेच्या आधी जातात. मेट्रनबाईंनी काम ठेवलंच, वर पडदेही पाठवायला लागल्या.

सगळं छान आहे हो. फक्त एक झालंय. पूर्वी मशीन मेलं की आम्ही दोघी थबकायचो, स्विचकडे धावायचो, तेवढाच घशाला विसावा. आता ते सकाळी जे सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत मधे बंद म्हणून पडत नाही... आणि आम्हीही.