गुरुवारचा गुडघा

मार्गिलान शहरातल्या दवाखान्यात सओदात रक्तदाब तपासायला रांगेत बसली होती. शेजारी एक सासू-सून बोलत होत्या.

“आई, नंबर कधी लागणार आपला? कणीक भिजवून आलेय, अंगण झाडायचंय, संध्याकाळी पाहुणे येतील.”

“तू जरा डोळे मीट.”

“मागच्या गुरुवारीही नुसत्या बसून परत गेलो. नंबराची चिठ्ठी तरी घेतलीत का?”

“नाही घेतली.”

“मग गुडघा कसा दाखवणार?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय? काल जर्दाळूच्या झाडावर चढले होते मी.”

“मग आपण इथे येतो कशाला?”

“घरी तू जरा टेकलीस की कुणीतरी चहा मागतं. इथे कोण मागणार?”

“अहो, पण ती कणीक?”

“तुझ्या नवऱ्याला सांगून आलेय, नान तू भाज.”

“त्यांना तंदूर तरी पेटवता येतो का?”

“येईल आज. ठेव डोकं माझ्या खांद्यावर.”

सून खुदकन हसली.

सओदात रक्तदाब तपासून घेऊन बाहेर आली, तेव्हा सून गाढ झोपली होती. तेवढ्यात सओदातच्या नवऱ्याचा फोन आला.

“रांग फार मोठी आहे हो,” ती हळूच म्हणाली. “जेवण तुम्हीच गरम करून घ्या.”

सासूने सरकून तिला बाकावर जागा करून दिली.