वरच्या मजल्यावरचा अंधार

— न्हाय, न्हाय, तसं काय न्हाय जावईबापू, तुम्ही उगाच जिन्यातनं वर बघत बसू नका, मान अवघडंल. टेका की जरा. चहा येतोय. आख्खी राजारामपुरी उजळलीय आन् आमचाच वरचा मजला अंधारात का — हेच विचारताय न्हवं? अहो, मागच्या आठवड्यात वळीव झाला न्हाय का, कोपऱ्यावरचे खांब आडवे झाले, गल्लीच्या गल्ली काळी. आणीबाणी उठली, पण खांब काय लवकर उठंनात! — हसा की. — तर दोन दिवसांनी गल्लीला लाइट आली आन् वरच्या मजल्याला न्हाय आली. वरची लाइन वेगळी हाय. बिघाड हाय. सामान सांगलीवरनं यायचंय. झालं, एवढंच.

आन् तुमच्या आईसाहेबांना सांगा, काळजी करू नका म्हणावं. गौराचं पहिलं बाळंतपण माहेरातच व्हणार, आन् वरच्या हवेशीर खोलीतच व्हणार. डोहाळजेवणाला चार बायकांच्यात त्या काय बोलल्या ते आलंय माझ्या कानावर — "घर सगळं भाडेकरूंनी भरलंय, अडत्या आमच्या सुनेला गुळाच्या ढेपांच्यात निजवणार काय?" — तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तुम्ही थोडंच बोललाय. पण मी बाजारातला माणूस, माझ्या नुसत्या शब्दावर गाड्याच्या गाड्या गूळ हलतोय, आन् व्याहीणबाईंनी असं — जाऊ द्या. वरची बाई जाईल. आपणहून जाईल. मी जा म्हणणार न्हाय, दिवाळीपर्यंत राहा म्हणून शब्द दिलाय तिला. शब्द म्हंजे शब्द.

कोण बाई? गौरा बोलली न्हाय? डेन्मार्कची हाय. इंगाबाई. नवरा वारणेला डेअरीची मशिनं बसवायला आलाय, तिकडंच असतो, शनिवारी तेवढा येतो. ही इथं एकटी, पोरगं घेऊन. अजून रांगत बी न्हाय. नाव पीटर — तुमच्या सासूबाईंनी त्याचं पिराजी केलं, आन् ते बघतंय की हाकेला! लोण्याच्या गोळ्यासारखं हुतं आलं तवा. आता — आता उन्हाळाच तसा हाय हो.

मला वाटलं — वाटलं म्हंजे, कुणालाही वाटंल — थंड मुलखातली बाई, वैशाखाचं ऊन, पंखा बंद, दुधाच्या बाटल्या उकळायची विजेची शेगडी बंद, किती दिवस काढंल? पोर उचलंल आन् जाईल नवऱ्याकडं. न्हाय गेली! नवरा न्यायला आला, तर त्याला म्हणाली, तिथं माझं कोण हाय, इथं अप्पा हायत. अप्पा म्हंजे मी. आन् शिकली की हो सगळं. स्टोव्ह शिकली — पहिल्या दिवशी भुवई जाळून घेतली, पर शिकली. दाराला ओली चादर लावती, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवती, दुपारी परातीत पाणी घालून पोराला त्यात बसवती आन् पुठ्ठ्यानं वारा घालत राहती. पोराच्या पाठीवर घामोळ्यानं बोट ठेवायला जागा न्हाय. आता गप हाय, पण दुपारी ऐकायला पाहिजे तुम्ही — न्हाय, नकोच ऐकायला. मी दुपारचा जेवायलासुद्धा घरी येत न्हाय. पेढीवरच डबा मागवतो.

म्हणून मी काय कमी केलं? रॉकेलच्या रांगेत ह्या वयात मी उभारलो. कंदिलाच्या काचा मी पुसल्या. रोज संध्याकाळी टॉवेलात गुंडाळून बर्फ मी आणतो — बघा, खांदा अजून ओला हाय. काल बर्फ दिला तर तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणती, अप्पा, माझा बाप इथं असता तर त्यानं बी एवढंच केलं असतं. — मी टॉवेल तिथंच विसरून खाली आलो.

मिस्त्री? तुमच्या सासूबाईंचं बी तेच चाललंय, मिस्त्री आणा, मिस्त्री आणा, पोर उन्हानं करपाय लागलंय. अहो, फ्यूज माझ्या खिशात असताना मिस्त्री आणून करायचं काय —

…काय बघताय असं?

ऐकलं ते ऐकलं. आता दार लावा तेवढं, आत जाईल आवाज. दोन दिवसांसाठी काढलावता हो. वळवाच्या वेळी गल्ली काळी झाली, मी बॅटरी घेऊन जिन्याखाली मेणबत्त्या शोधायला गेलतो, समोर वरच्या मजल्याचा फ्यूज, आन् कानात तुमच्या आईसाहेबांचं बोलणं. ओढला. एवढासा चिनीमातीचा तुकडा. सगळ्यांचाच अंधार हाय, त्यात तिचा थोडा जास्त राहिला तर कुणाला कळतंय? परत लावणारच हुतो. रोज जातो की जिन्याखाली लावायला. तिथं उभं राहिलं की वाटतं, आज इतकं काढलं तिनं, उद्या जाईल. उद्या नक्की जाईल. आन् आता तर — बर्फ नेऊन नेऊन आता कुठल्या तोंडानं लावू? गौरासाठी केलं हो. पोटच्या पोरीसाठी माणूस — व्हय. व्हय, पिराजी बी कुणाच्या तरी पोटचा हाय. नका बोलू. तुम्ही बोलायच्या आधी मीच मला बोललोय ते.

असं करा, हा घ्या. तुम्ही जाऊन लावा. जावयानं दुरुस्त केली म्हणू, तुमचं नाव व्हईल, मी सुटंन. धरा की. — हात मागं का घेताय? जावईबापू, धरा. — गौराला नका सांगू हां. तेवढं नका. ती ह्या अवस्थेत —

थांबा. जिना वाजला. तिचंच पाऊल, अनवाणी उतरती ती. हा ठेवतो परत खिशात. मराठी कळती तिला आता, एक अक्षर बोलू नका. लग्नात तुमचे पाय धुतलेत, आता धरतो, पण बोलू नका.

— या, या, इंगाबाई! ये रे पिराजी. हे आमचे जावई. व्हय, गौराचे मालक. व्हय, बाळंतपण इथंच, ह्याच खोलीत — दाटी व्हईल, पण व्हईल. — आन् हे काय आणलं? टेबलफॅन? एवढं जड ओझं, ते बी पोराला कडेवर घेऊन, कशाला — कुणाला? — गौराला? — वर लाइट न्हाय, नुसता पडून हाय, खाली तरी तिच्या बाळाला वारा लागंल म्हणून —

जावईबापू, घ्या की तो पंखा त्यांच्या हातातनं.

मला न्हाय घेता येत. माझा हात खिशात हाय.