सात नंबरचा खटका

एडगर : थांब, लायनेल, माझं म्हणणं पुरतं झालेलं नाही. आपल्या या टेबलावरच्या छोट्या रेल्वेत, जुन्या पद्धतीत, रुळांचे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याला एक खटका, आणि त्या तुकड्यावरची गाडी तुझ्या नॉबनं चालायची की माझ्या, हे तो खटका ठरवतो. म्हणजे माणसाला सतत विचार करावा लागतो. डिजिटलमध्ये तो विचारच उरत नाही.

लायनेल : एकतीस वर्षं याच टेबलापाशी उभा आहे मी, मास्तर. मलाच शिकव. आणि चहा पी, निवला.

एडगर : शिकवत नाही, युक्तिवाद मांडतोय.

लायनेल : सकाळपासून मांडतोयस. आज गुरुवार. शनिवारी दहाला प्रदर्शनासाठी चर्चच्या हॉलची दारं उघडणार, श्रूजबरीहून माणसं येणार. तारा बदलायच्या तर आत्ता हात घालायला हवा. आपल्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबनं गाड्या चालवायचा डिजिटल कंट्रोलचा डबा उसना दिलाय, इंजिनांत चिप बसवून झाल्यात. घोडं अडलंय कुठं?

एडगर : मला घाई पसंत नाही.

लायनेल : मग खरं कारण सांग.

एडगर : हे बघ, तू त्या टोकाला, मी या टोकाला. तू घंटी वाजवून विचारतोस, गाडी घेतोस का. मी घंटीनं हो म्हणतो. मगच गाडी सुटते. खऱ्या सिग्नलवाल्यांची रीत आहे ती. त्या डब्यावर एकटा माणूस आठही गाड्या चालवू शकतो. याला काय अर्थ आहे?

लायनेल : चांगला अर्थ आहे. तो एकटा तू असशील.

एडगर : मी तसं म्हटलेलं नाही.

लायनेल : ऑक्टोबरात तुझं पितळी इंजिन जमिनीवर कशानं पडलं?

एडगर : तार सुटली होती. सगळ्यांना सांगितलंय मी.

लायनेल : चार हिवाळे खपला होतास त्याच्यावर. सात नंबरचा खटका तुझ्या बाजूला करायला मी विसरलो होतो, एडगर. मी माझी मालगाडी हलवायला नॉब फिरवला, आणि धावलं ते तुझं इंजिन. थेट टेबलाच्या कडेवरून खाली.

एडगर : एखाद्या वेळी कुणाचंही होतं.

लायनेल : आणि त्यानंतर दर बुधवारी? मी पाठ वळवली की तू वाकून माझे खटके नीट करतोस. बुटाची नाडी बांधतोय म्हणतोस. सपाता घालून वावरतोस तू इथं.

एडगर : ...केव्हापासून ठाऊक आहे?

लायनेल : नाताळाच्या आधीपासून. परवा डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. एक आठवला.

एडगर : कुठला?

लायनेल : सफरचंद. बाकीचे विचारू नकोस.

एडगर : डिजिटल बसवलं तर तुला इथं काही कामच राहणार नाही. मग बुधवारी येशील कशाला?

लायनेल : तुझ्या चहासाठी तर खासच नाही.

(एडगर पक्कड उचलतो. पहिली तार कापायला त्याचा हात धजत नाही.)

लायनेल : काप. खटके सगळे काढून टाक. घंट्या तेवढ्या राहू दे.

एडगर : डिजिटलला घंट्यांची गरज नसते.

लायनेल : ठाऊक आहे. तरी मला विचारल्यावाचून गाडी सोडायची नाही. मी माझ्या टोकाला उभा असेन.

एडगर : विचारेन.

लायनेल : उत्तराला उशीर झाला तर?

एडगर : गाडी उभी राहील. नियमच आहे तो.