कागदावर वारलेला पंप

...नाही, तुम्हीच सांगा, जो पंप सकाळपासून धडधडतोय, अख्ख्या गावाच्या टाक्या भरतोय, ज्याच्या शेजारी उभं राहिलं तर आपले दात वाजतात, तो मेलेला कसा असेल? मी पंपहाउसचा इंजिनिअर, त्याची नस न् नस ओळखतो, आणि नगरपालिकेचे लेखाधिकारी मला सांगतात, "तुमचा पंप कागदावर वारलाय!" वारलाय? म्हटलं, अहो, आत्ता हात लावून आलोय, तापलाय नुसता!

तुम्हाला सांगतो, दुखणं साधं होतं. बेअरिंग गेलेलं, नवं पाहिजे. नाही बसवलं, तर पंप कधीही जाम, आणि टेकडीवरच्या वस्तीत थेंब चढणार नाही. आणि टेकडीवर, शेवटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतं कोण? माझ्या सासूबाई! नळ कोरडा पडला की गाव पालिकेला शिव्या घालतं, पण त्या थेट मला फोन लावतात.

म्हणून गेलो बजेटच्या बैठकीला. लेखाधिकाऱ्यांना आमच्यात सगळे 'टक्केसाहेब' म्हणतात... हसू नका, तसले टक्के नाहीत! माणूस धुतल्या तांदळासारखा आहे, तोच तर त्रास आहे! चष्मा नाकावर ओढून म्हणतात कसे, "हे बघाऽ, देखभालीला वस्तूच्या किमतीचे दोन टक्के. किंमत दरवर्षी घटते. तुमच्या पंपाचं आयुष्य संपलं, किंमत शून्य. शून्याचे दोन टक्के किती?" म्हटलं, "साहेब, म्हातारा झालाय म्हणूनच औषध पाहिजे ना!" "म्हातारा नाही हो, कागदावर वारलाय." "अहो, पण चालतोय!" "ते त्याचं त्याने बघावं!"

बरं, नवा पंप मागितला. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "घालू या की दीर्घकालीन आराखड्यात!" दीर्घकालीन म्हणजे, माझी मुलगी आत्ता शाळेत जातेय, तिची नातवंडं त्याचं बटण दाबतील! आणि देखभालीचा पैसा कुणाला? चौकातल्या कारंज्याला! नवंकोरं, रंगीत दिव्यांचं, किंमत भरभक्कम, म्हणून दुरुस्तीची रक्कमही भरभक्कम. बिघडलेलं काय त्याचं? काहीच नाही! पुसायला माणूस नेमणार होते म्हणे! आणि माझा बिचारा दिवसभर कण्हतोय, पण त्याला दमडी नाही, का? तर कागदावर वारलाय!

आणि तिथे माझं डोकं चाललं... कुठून बुद्धी झाली! म्हटलं, "साहेब, कारंज्याला पाणी येतं कुठून? माझ्या पंपातून. मग पंप हा कारंज्याचाच भाग नाही का?" टक्केसाहेबांचा चेहरा असा उजळला! "वा! उपांग! कारंज्याचं उपांग!" खटाखट सह्या, बेअरिंग आलं, बसलं, आणि पंप इतका गुपचूप चालायला लागला की पंपहाउसात डुलकी लागावी! सासूबाईंचा स्वतःहून फोन, "जावईबापू, धार काय सुरेख येतेय हो!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिलं कौतुक! मला भरून आलं, खरंच सांगतो.

मग आला उन्हाळा. तलाव तळाला गेला. पाणी वाचवायचं म्हणून पालिकेत तातडीची बैठक झाली आणि आदेश निघाला... ऐका हं... "टंचाईमुळे चौकातील कारंजे, त्याच्या सर्व उपांगांसह, बंद ठेवावे!" वीजवाल्याने आदेश वाचला, पंपहाउसात आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत खटका खाली केला!

धावत टक्केसाहेबांकडे गेलो. "साहेब, उपांग म्हणजे पंप! पंप बंद म्हणजे गाव बंद!" "मग वेगळा काढा की." "काढा, आत्ताच्या आत्ता काढा!" "पण वेगळा काढला, तर तो कागदावर वारलेला. वारलेला पंप चालवायची परवानगी मी कशी देऊ?" "अहो, आजवर चालवलाच ना!" "तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हीच आणून दिलंत!"

अध्यक्षबाई मात्र खूश! संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम ठेवला आणि माईकवर म्हणाल्या, "आपल्या पालिकेने पाण्याची विक्रमी बचत केली आहे!" टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या, पहिल्या रांगेत बसवलं होतं ना!

बाहेर पडतोय तोच फोन. सासूबाई. आवाज गोड... त्यांचा आवाज गोड झाला की समजायचं, आता आपली खैर नाही. "जावईबापू, तुम्ही पाणी वाचवलंत म्हणे, फार छान केलंत हो... फक्त ते वाचवून ठेवलंय कुठे, तेवढं सांगा. बादली घेऊन उभी आहे."