परत जाण्याचा इरादा

(टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. वृद्धांच्या शुश्रूषागृहातली दुपार. ऐंशी उलटलेली हेनोवेवा सेपेडा चाकाच्या खुर्चीत. तिची मुलगी डेल्फिना पलंगाच्या कडेवर.)

डेल्फिना : मग तू त्याला काय सांगितलंस, अमा?

हेनोवेवा : खरं ते सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही सध्या राहता कुठे? मी म्हटलं, अकरा नंबरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर.

डेल्फिना : अरे देवा.

हेनोवेवा : इतका सभ्य मुलगा! मला वाटलं, चर्चमधलाच कुणीतरी. म्हटलं, ये कधी भेटायला, येताना गोड पाव आण.

डेल्फिना : तो मालमत्ता कराच्या कचेरीतला होता.

हेनोवेवा : कपाळावर लिहिलेलं थोडंच दिसतं फोनवर? स्पॅनिश छान बोलत होता.

डेल्फिना : तुझी पत्रं इकडे यायला लागली, तेव्हापासूनच त्यांना संशय आला. टपालवाल्यांना पत्ता बदला म्हणून कुणी सांगितलं?

हेनोवेवा : मीच. त्या समोरच्या इर्माला रोज काहीतरी येतं. ती सगळ्यांसमोर फोडते, वाचून दाखवते. मला एक नाही.

डेल्फिना : तुला तरी काय येतं? कानाच्या मशीनच्या जाहिराती.

हेनोवेवा : माझ्या नावानं येतात ना.

डेल्फिना : बरं, आता ऐक. ते म्हणतात, तू त्या घरात राहत नाहीस. म्हणजे राहत्या घराची सवलत बंद. आणि घरपट्टीतला शाळेचा कर तू पासष्टची झालीस तेव्हापासून आहे तिथेच गोठवलाय, तेही गेलं. ह्या शुक्रवारपर्यंत काही केलं नाही, तर पुढच्या बिलाला कर तिपटीच्या वर जाईल.

हेनोवेवा : तिप्पट? मी त्या घराला एक खिळा ठोकलेला नाही गं इतक्या वर्षांत.

डेल्फिना : शेजाऱ्यांनी ठोकले. सालिनासांचं घर विकलं गेलं ना, त्याच्या भावावरून आपलं घर मोजतात. नव्या लोकांनी तर ते काळं रंगवलंय.

हेनोवेवा : काळं? दार?

डेल्फिना : सगळं घर. दार पिवळं.

हेनोवेवा : ऑगस्टमध्ये आत भाजून निघतील बिचारे. आणि त्यांनी काळं केलं म्हणून मी पैसे भरायचे?

डेल्फिना : तसंच काहीतरी.

हेनोवेवा : शाळेचाच कर ना? तू शाळेच्याच स्वयंपाकघरात राबतेस. मी थेट तुलाच देत जाईन. मधली माणसं कशाला हवीत?

डेल्फिना : थट्टा नको, अमा. मला तो झेपणार नाही. घर विकावं लागेल.

हेनोवेवा : मग तुझ्या नावावर करून टाक.

डेल्फिना : विचारून आले. गोठवलेला कर तुझ्या वयामुळे आहे. माझ्या नावावर आलं की तो संपला. मी कुठे पासष्टची आहे?

हेनोवेवा : दिसतेस मात्र. जेवतेस का नीट?

डेल्फिना : जेवते.

हेनोवेवा : आणि घर विकलं तर तू कुठे जाशील?

डेल्फिना : तेच तर. म्हणून आले धावत. कायद्यात एक सोय आहे. माणूस आजारपणामुळे अशा ठिकाणी असेल, तर कितीही दिवस असेना, त्याचं घर हे त्याचं राहतं घरच धरतात. त्यानं फक्त शपथेवर सांगायचं, की परत जायचा इरादा आहे.

हेनोवेवा : एवढंच?

डेल्फिना : एवढंच. खालच्या ऑफिसातल्या व्हर्लीनबाईंना बोलावलंय. त्यांच्याकडे नोटरीचा शिक्का असतो. तू सही करायची.

हेनोवेवा : अगं मग हे आधी सांगायचं! बसलीस कर नि काळं घर सांगत. केव्हा?

डेल्फिना : काय केव्हा?

हेनोवेवा : न्यायला केव्हा येतेस? शनिवारी सुट्टी असते तुला. कोरफडीची कुंडी इर्माला देऊन टाकते, डोळा आहेच तिचा. बाकी एक पेटी.

डेल्फिना : अमा...

हेनोवेवा : नाताळ गेला, ईस्टर गेला, परत नाताळ येऊन गेला. मी एकदा तरी तोंडातून काढलं का, मला घरी ने म्हणून? काढलं? म्हटलं, पोरीवर ओझं नको, तिला जमेल तेव्हा ती स्वतःच विचारेल. आणि आज विचारलंस बघ.

डेल्फिना : मी... हे कागदासाठी आहे, अमा.

हेनोवेवा : कागद आधी, मग सामान. कळतं मला.

व्हर्लीन : येऊ का आत? कशा आहात, मिस हेनोवेवा? गालांवर रंग चढलाय आज.

हेनोवेवा : ये, ये व्हर्लीन! मी निघाले.

व्हर्लीन : निघालात? कुठे?

हेनोवेवा : घरी. त्या कागदात शनिवार लिही.

व्हर्लीन : शनिवार? ह्याच्यात वाराला जागा नाही हो. हे बघा, तुमचं नाव, घराचा पत्ता, आणि हे एक वाक्य. परत जाण्याचा माझा इरादा आहे. बस. केव्हा, कसं, कायदा विचारत नाही. डॉक्टर काय म्हणतात तेसुद्धा विचारत नाही.

हेनोवेवा : डॉक्टर काय म्हणतात?

व्हर्लीन : मी... मी आपलं सर्वसाधारण बोलले.

हेनोवेवा : तू ह्या इमारतीत सर्वसाधारण कधी बोललीस? डेल्फिना, डॉक्टर काय म्हणतात?

डेल्फिना : नंतर बोलू ना.

हेनोवेवा : आधी बोलू. सही नंतर.

डेल्फिना : त्यांनी जानेवारीत सांगितलं. खुब्याचं हाड नीट जुळलं नाही. तो पाय आता वजन घेणार नाही.

हेनोवेवा : खुर्ची आहे की मला.

डेल्फिना : खुर्चीतून पलंगावर कोण घेईल? इथे दोघी लागतात तुला उचलायला. घरी मी एकटी. मी सहाला कामावर जाते. आणि न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जात नाही. मी मोजलंय.

हेनोवेवा : कधी मोजलंस?

डेल्फिना : तू इथे आलीस त्याच आठवड्यात. मग जानेवारीत पुन्हा एकदा मोजलं.

हेनोवेवा : पुन्हा कशाला?

डेल्फिना : काय माहीत. वाटलं, आधी चुकलं असेल माझं.

हेनोवेवा : आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

डेल्फिना : वाटलं. दर शनिवारी वाटलं. तू खाली केस विंचरून बसलेली असायचीस.

व्हर्लीन : मी थोड्या वेळानं येते. पण मिस डेल्फिना, एक सांगते, राग मानू नका. त्यांच्या मनात नसेल तर मला शिक्का मारता येणार नाही. शपथ आहे ही. माझं नाव लागतं खाली.

डेल्फिना : नाही, तुम्ही बरोबर आहात. राहू दे. न्या तो कागद परत.

व्हर्लीन : आणि घर?

डेल्फिना : बघेन काहीतरी. माझ्या आईनं आयुष्यात कुणाला खोटं सांगितलेलं नाही. त्या कचेरीतल्या पोरालासुद्धा नाही. आता ह्या वयात देवासमोर हात वर करून...

हेनोवेवा : कोण म्हणालं खोटं?

डेल्फिना : अमा, सोड.

हेनोवेवा : तू गप्प बस. व्हर्लीन, कागद इकडे आण. विचार मला. कोर्टात विचारतात तसं, पूर्ण नाव घेऊन.

व्हर्लीन : नक्की ना?

हेनोवेवा : विचार.

व्हर्लीन : हेनोवेवा सेपेडा, तुमचा स्वतःच्या घरी परत जाण्याचा इरादा आहे का?

हेनोवेवा : आहे. रोज पहाटे असतो. झोप चाळवते तेव्हा मी तिथेच असते. आधी कॉफी टाकायची, मग मागचं दार उघडायचं, असं मनात चाललेलं असतं. पाय खाली सोडायला जाते नि ही पलंगाची दांडी हाताला लागते. उद्या पहाटेही तसंच होणार. मी काही ठरवून करत नाही. हे पुरतं का तुझ्या कायद्याला?

व्हर्लीन : पुरतं, बाई.

हेनोवेवा : मग पेन दे. जाड असेल ते. बारीक हातातून निसटतं.

व्हर्लीन : इथे. सावकाश.

हेनोवेवा : ह्या सेपेडातला 'सी' बघ कसा आला. शेपूट तुटलेल्या सरड्यासारखा.

व्हर्लीन : 'सी' वाटत नाही हो हा.

हेनोवेवा : मग सरडाच असेल. मार शिक्का.

व्हर्लीन : झालं. मी खालून आत्ताच पाठवून देते, शुक्रवारची वाट नको बघायला. मिस डेल्फिना, बसा तुम्ही. घाई नाही कुणाला.

डेल्फिना : थँक यू, व्हर्लीनबाई.

हेनोवेवा : दार लोटून घे जाताना.

डेल्फिना : अमा.

हेनोवेवा : हं.

डेल्फिना : रागावलीस?

हेनोवेवा : हो. थोडा वेळ रागावू दे.

डेल्फिना : बरं.

हेनोवेवा : रडायचं असेल तर तो टॉवेल घे. इथले कागदी रुमाल नाकाला चिकटतात.

डेल्फिना : मी शनिवारी येऊ ना?

हेनोवेवा : न येऊन सांगतेस कुणाला? बटाट्या-अंड्याचे टाको आण. इर्मालाही एक. जास्त तिखट नको तिला.

डेल्फिना : आणते.

हेनोवेवा : तू झोपतेस कुठे गं?

डेल्फिना : मागच्या खोलीत. नेहमीच्या.

हेनोवेवा : अजून? तिथे वारा कुठून येतो? पुढची खोली रिकामी ठेवून?

डेल्फिना : ती तुझी आहे.

हेनोवेवा : मे महिना आलाय. आजपासून पुढे झोपत जा. गादी डावीकडे खचलीये, तू उजवीकडे झोप.